शेवंती झोपवण्याचं औषध

मारेगावला माझी बदली झाली ती शिक्षा म्हणून. यवतमाळच्या ऑफिसात मी हेडक्लार्कच्या अंगावर शाईची दौत फेकली होती. दौत कपाळाला लागली, शाई डोळ्यांत गेली, आणि मोठ्या साहेबांनी मला आत बोलावून सांगितलं की तुझ्या वडिलांनी याच कचेरीत तीस वर्षं मान खाली घालून काढली, म्हणून तुला घरी बसवत नाही, खेड्यात धाडतो. त्या संध्याकाळी वडिलांनी मला छत्रीच्या दांड्यानं बडवलं. मी चोवीस वर्षांचा होतो. आमच्या घराण्यात तीन पिढ्या कारकुनी चालली आणि कचेरीत गिळलेला राग प्रत्येकानं घरी येऊन बायकापोरांवर काढला. तो कचेरीतच काढणारा मी पहिला. खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा अभिमानच वाटत होता.

ही एकसष्ट-बासष्टची गोष्ट. मारेगाव तेव्हा तालुक्याचं गाव झालं नव्हतं. मी शेतकी मदतनीस होतो. सायकलवरून गावोगाव फिरायचं, खताचे खड्डे खणा म्हणून सांगायचं, बियाण्याच्या थैल्या वाटायच्या, आणि वरून आलेल्या कागदांना खालून उत्तरं द्यायची. महिन्याभरात मी एका कोतवालाची गचांडी धरली आणि एसटीच्या कंडक्टरच्या कानाखाली आवाज काढला, कारण तो माझा फवारणीचा पितळी पंप टपावर टाका म्हणत होता. लोक मला वचकून असायचे. मी त्याला मान समजत होतो.

गावापासून दोनेक कोसांवर, मुकुटबनकडच्या बाजूला एक तांडा होता. तिथल्या लोकांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरलेले. आता सगळे कपाशी आणि ज्वारी पेरत होते. आपसात गोरबोली बोलायचे, आमच्याशी वऱ्हाडी. त्या तांड्यात एकच शेत असं होतं जिथं कपाशी नव्हती. नाल्याकाठच्या त्या अर्ध्या एकरात पिवळी शेवंती होती.

ते शेत एका विधवेचं होतं. पस्तिशीची असेल. नवरा विहीर खणताना दरड कोसळून गेलेला, मागे एक दहा-बारा वर्षांची मुलगी. दंडावरचे मोठे पांढरे बलिये, म्हणजे सवाष्णीचे चुडे, उतरवल्याला तीन वर्षं झाली होती, तरी तिथली कातडी बाकी हातापेक्षा उजळ दिसायची. त्या तांड्यात रीत अशी, की नवरा गेला की बाईनं धाकट्या दिराच्या घरात बसायचं. ती बसली नाही. सगळ्यांसमोर नाही म्हणाली. दिराच्या डोक्यात ते काट्यासारखं रुतून बसलं होतं. तांड्याची पंचायत भरते तिला ते नसाब म्हणतात. त्या नसाबमध्ये दिरानं मागणी केली की बाई घरात येत नसेल तर भावाचं वावर तरी माझ्याकडं द्या, तिच्यानं ते पिकत नाही. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. तो पांढऱ्या मिशांचा, तोलून बोलणारा माणूस होता. त्यानं तिला एक हंगाम दिला. या साली शेत पिकवून दाखव, दिवाळीनंतर ठरवू.

तिची अडचण साधी होती. शेवंती तिची चांगली यायची, पण अवेळी. दसरा गेला की फुलायची आणि दिवाळी येईतो वाळून जायची. दोन सणांच्या बरोबर मधे, जेव्हा फूल कोणी विचारत नाही.

ती मला बांधावर उभी राहून म्हणाली, "साहेब, हिले पंधरा दिवस झोपवता येते का? तुमच्याजोळ असन काही औषध."

तिनं सहज विचारलं होतं. पण औषध खरोखरच होतं, आणि मला ते माहीत होतं. शेवंती रात्रीवर चालते. दिवस लहान होत जातो आणि रात्र ठरावीक लांब झाली की ती कळी धरते. वाढीवर ताबा ठेवणारी काही द्रव्यं अशी असतात, की पाण्यात अगदी चिमूटभर घालून योग्य वेळी फवारली तर कळी धरणं लांबतं. त्याच जातीची द्रव्यं जास्त प्रमाणात घातली की तण मरतं. माझा एक मित्र कॉलेजच्या प्रयोगशाळेत होता. त्याच्याकडून मी एक तपकिरी बाटली आणली. कोणाची परवानगी नाही, कागदावर नोंद नाही. सरकारी माणसानं असलं औषध परस्पर शेतकऱ्याच्या वावरात वापरलं हे कळलं असतं, तर या वेळी बदलीवर भागलं नसतं.

मित्रानं दोन गोष्टी बजावल्या होत्या. मोजून घाल. आणि आसपास कपाशी असेल तर वारा पडलेला असतानाच मार, कारण या औषधाचा नुसता वास कपाशीला सोसत नाही. मी मान डोलावली होती.

भादव्यातल्या एका दुपारी मी तिथं गेलो. शेवंती गुडघ्याएवढी झाली होती. नाल्यापलीकडे पूर्वेला दिराची कपाशी, कमरेएवढी, पात्यांनी, म्हणजे कळ्यांनी, आणि कोवळ्या बोंडांनी भरलेली. तांड्यातली सगळी माणसं बाजाराला गेली होती. मुलीलाही तिनं शेजारणीबरोबर धाडलं होतं. शेतावर आम्ही दोघंच.

मी औषध कालवलं, पंप भरला. तिनं मूठभर माती उचलून हवेत सोडली. माती पूर्वेकडं गेली.

"वारा हाये साहेब," ती म्हणाली. "उद्या सकाळी मारू. सकाळी पान हालत नाई."

उद्या सकाळी मला यवतमाळला जायचं होतं. आणि आयुष्यभर ज्वारी उफणलेल्या बाईनं मला वारा शिकवावा हे मला सहन झालं नाही. मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहायची लाज वाटते. कॉलेजात चार वर्षं मी गवत उपटत होतो का, असं काहीतरी, आणि पुढं तिच्या जातीवरून एक वाक्य. ती पंपाचा दांडा धरून उभी होती. मी तो तिच्या हातातून असा हिसकला की तिच्या तळव्याचं कातडं निघालं. मग मी स्वतः अर्धा एकर फवारला. नळीच्या तोंडातून निघणारं धुकं माझ्या डोळ्यांदेखत नाला ओलांडून पलीकडं जात होतं. मी ते पाहिलं. पाहिलं नाही असं मी स्वतःला पुढं कितीदा तरी सांगितलं, पण मी ते पाहिलं होतं.

आठ-दहा दिवसांत दिराच्या कपाशीची शेंड्याकडची पानं आवळली. पान रुंद होण्याऐवजी अरुंद, लांब, टोकांशी वळलेलं, जणू आकडी आलेल्या माणसाची बोटं. पात्या गळून सऱ्यांत पडल्या. शेवंतीच्या बांधापासून जितकं जवळ तितकं वाईट. तांड्यात कोणी असला रोग पाहिला नव्हता. मावा नाही, तुडतुडा नाही, अळी नाही. दिरानं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी बोंबलत सुटला की वहिनीनं करणी केली.

नायकानं मला बोलावणं धाडलं. पिकातलं साहेबाला कळतं म्हणून.

नसाब तांड्यामधल्या लिंबाखाली भरली होती. पुरुष गोल बसलेले, बायका मागं उभ्या. ती एका बाजूला जमिनीवर बसली होती, मुलगी तिला चिकटून. मी आलो तसा तिच्या चेहऱ्यावर जरा हुरूप आला. तिला वाटलं, आता सुटले. दिरानं उपटून आणलेलं कपाशीचं झाड माझ्या पायांशी आपटलं.

"ही बाई म्हनते, फुलावर औषध मारलं, तेच वाऱ्यानं गेलं असन," तो म्हणाला. "औषधानं असं होते का? सांगा तुमी."

नायकानं त्याला हातानं गप्प केलं आणि मला विचारलं, "साहेब, आपल्या नसाबीत एकदा बोललेला शबूद माघारी घेता येत नाई. म्हून इचार करून सांगा. तुमी काई मारलं काय हिच्या वावरात?"

बाटली माझ्या सायकलच्या पिशवीत होती. मला यवतमाळचे मोठे साहेब दिसले, वडील दिसले, त्यांची छत्री दिसली.

मी म्हणालो, "नाही. मी साधं पाणी आणि खत मारलं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी कपाशीच्या झाडाकडं पाहत होतो. नायक काही बोलणार, एवढ्यात दीर उठला. त्याच्याबरोबर चौघं उठले. ते तिच्याकडं आले नाहीत, सरळ शेवंतीकडं धावले. ती त्यांच्यामागं धावली. मुलगी "याडी, याडी" म्हणून आईच्या मागं किंचाळत निघाली, तिला बायकांनी धरून ठेवलं.

मी पोचलो तेव्हा अर्धी शेवंती उपटून झाली होती. ते दोन्ही हातांनी झुपके धरत होते, पिळून ओढत होते, तुडवत होते. ती एकाच्या पाठीवर चढून त्याचे केस ओढत होती, दुसऱ्याच्या दंडाला चावली, त्याचं रक्त तिच्या हनुवटीवर आलं. कोणीतरी तिच्या पोटात लाथ घातली. ती पडली आणि पडल्या पडल्या तिनं राहिलेल्या ओळीवर आडवं होऊन झाडं पोटाखाली घेतली. दिराच्या हातात बंडीची उभारी, बैलगाडीच्या कडेचा जाड दांडा, होता. त्यानं पहिला तडाखा पाठीत हाणला. दुसरा उजव्या हातावर बसला. तिनं झाड मुठीत धरलं होतं, त्या मुठीवर. हाड मोडल्याचा आवाज मला बांधावर ऐकू आला. तरी तिनं मूठ सोडली नाही, म्हणून त्यानं तिसरा हाणला.

मी, ज्यानं दौतीपासून कंडक्टरपर्यंत कोणाला सोडलं नव्हतं, बांधावर उभा होतो. दोन ढांगांत पोचलो असतो. माझ्या अंगात बळ होतं, आणि मारामारीची तर मला सवयच होती. पण पुढं झालो असतो तर कोणीतरी विचारलं असतं, साहेब, तुमाले काहून एवढा पुळका? म्हातारा नायक धापा टाकत आला आणि त्यानं दिराच्या पाठीत आपली काठी घातली, तेव्हा ते थांबलं.

परतीच्या वाटेवर मी ती बाटली दगडावर आपटून फोडली. काचा गोळा करून नाल्यात टाकल्या. खोलीवर आलो तर माझा स्वयंपाकी भाजी करपवून बसला होता. मी त्याला पळीनं मारलं. तो दुसऱ्या दिवशी काम सोडून गेला, आणि मला ते योग्यच वाटलं.

महिना गेला. मी त्या वाटेनं सायकल घातली नाही. दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून कळलं की तिचा हात वाकडा जुळला आहे आणि तिनं हात कशानं मोडला हे काही केल्या सांगितलं नाही.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मारेगावच्या बाजारात मला ती दिसली. समोर फडक्यावर पिवळ्या शेवंतीची लहानशी रास होती. फुलं ताजी, टपोरी, देठाला हिरवीगार. बाकी सगळ्यांची शेवंती कधीच संपलेली, म्हणून तिच्याभोवती गर्दी होती. तिच्या पोटाखाली वाचलेली ती एक ओळ. हार गुंफायला दुसरा हात लागतो, म्हणून ती फुलं सुटीच विकत होती. मी जवळ गेलो.

"औषध लागू पडलं साहेब," ती म्हणाली. चेष्टा नव्हती तिच्या आवाजात. खरंच तेवढंच सांगत होती. "पंधरा दिवस झोपली. बरोब्बर."

मी खाली बसून एक फूल उचललं.

"भाऊबीजेनंतर नसाब हाये. वावराचं ठरनार हाये. तुमी येऊन खरं सांगाल काय? मी कोनावर फिर्याद करून नाई राह्यली. मले वावर पायजे फक्त. मायी पोर हाये."

मी म्हणालो, येतो. त्या रात्री ऑफिसला राजीनाम्याचा कागद लिहून ठेवला. मनात म्हटलं, गेली नोकरी तर गेली. मला हलकं वाटलं, आणि आपण फार मोठं काहीतरी करणार आहोत असंही वाटलं. त्या वाटण्याचा मला आज राग येतो.

नसाबीला ती धुतलेला फेटिया, म्हणजे घागरा, नेसून आली होती, वाकडा हात ओढणीखाली. मुलगी शेजारी. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. औषध कुठून आणलं, किती घातलं, वारा कुठला होता, तिनं नको म्हटलं आणि मी ऐकलं नाही, कपाशीचं पान का वळलं, आणि मी त्या दिवशी खोटं बोललो. बराच वेळ बोललो. राजीनामा लिहून ठेवला आहे हेही सांगितलं.

शेवटी नायक म्हणाला, "पयले सांगतलं होतं तुमाले. एक डाव बोललेला शबूद माघारी येत नाई. तरी औषध दाखवा. तुमच्या हातानं कपाशीच्या एका पराटीवर मारा. पान वळलं तर मी मानतो."

"औषध नाही," मी म्हणालो. "मी बाटली फोडली."

माणसं एकमेकांकडं पाहू लागली. दीर उठला. तो आता ओरडत नव्हता, मजेत होता.

"म्या काय म्हनतो नायक," तो म्हणाला, "साहेब हिच्यापायी नोकरीवर पानी सोडून राह्यले. कायले? त्या दिवशी अख्खा तांडा बाजाराले गेलता, पोरीलेबी हिनं धाडून देल्लं. वावरात दोघंच होते. दोघं काय करून राह्यलते, ते साहेबच सांगतीन."

कोणीतरी फिस्सकन हसलं.

मी त्याच्या अंगावर गेलो. कसा गेलो ते आठवत नाही. त्याच्या थोबाडीत मारली, तो पडला, मी त्याच्या छातीवर बसलो आणि दोन्ही मुठींनी त्याचं तोंड ठेचत राहिलो. त्याचा दात माझ्या बोटात घुसला. त्यानं हात उचलला नाही. तो मार खात होता आणि रक्ताळलेल्या तोंडानं हसत होता, आणि तो का हसतो आहे हे मला चौघांनी ओढून बाजूला केल्यावर कळलं. बायकांनी तोंडाला पदर लावले होते. बाईसाठी परका माणूस असा पिसाळतो, याचा तांड्यानं जो अर्थ लावायचा तो लावून झाला होता.

नायकानं तिला विचारलं, "तू सांग वं. साहेब म्हनते ते खरं काय? त्यानं तुह्या वावरात औषध मारलं काय?"

तिनं मुलीकडं पाहिलं. मुलगी खाली मान घालून बसली होती, आणि समोरच्या दोन बाया तिच्याकडं बोट दाखवून कुजबुजत होत्या. दोन-चार वर्षांत तिचं लग्न व्हायचं होतं. आईनं 'साहेबानं औषध मारलं' म्हटलं असतं, तर दुपार खरी ठरत होती, आम्ही दोघंच होतो हेही खरं ठरत होतं, आणि पुढचं सगळं आपोआप ठरत होतं.

"साहेब खोटं बोलून राह्यले," ती म्हणाली. "पयल्या दिवशी त्यायनं सांगतलं तेच खरं. साधं पानी मारलं, अन् लगेच गेलते."

नायक काठी टेकून उभा राहिला. त्याला सगळं समजलं होतं असं मला वाटतं. मग त्यानं वावर दिराच्या नावानं बोललं.

ती उठली. मुलीचा हात डाव्या हातात धरला आणि माझ्या बाजूनंच निघाली. माझ्या मुठीतून रक्त गळत होतं. ती त्या मुठीकडं पाहत क्षणभर थांबली आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशी बोलली.

"हा हात त्या दिवशी काहून नाई उचलला, साहेब?"

मी भ्यालो होतो. नोकरी जाईल म्हणून, वडील मारतील म्हणून भ्यालो होतो. हे मला तिला सांगता आलं नाही. राजीनाम्याचा कागदही मी दिला नाही. ती मुलीला घेऊन भावाकडं गेली, आणि मी पुढं चौतीस वर्षं नोकरी करून पेन्शनीत निघालो.